रिकामी चौकट आणि भरलेली प्रत

आज आपण फॉर्मच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. कुणी म्हणेल, फॉर्मला कसला आलाय इतिहास? पण मालवणात कुणालाही सातबारा विचारा, तो जमिनीबद्दल बोलू लागेल. खरं तर सात आणि बारा हे फॉर्मचे नंबर. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने १ ते २१. सातवा अधिकार अभिलेखाचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले नि शब्द तयार झाला.

त्याआधी मोडीतली दप्तरं होतीच. मोडी कागदालाही साचा असे, पण तो कारकुनाच्या डोक्यात असे. छापील नमुन्यात तो कागदावर उतरला. त्यामुळे कुणीही वाचू शकेल अशी शिस्त आली. एक प्रश्न मात्र तसाच राहिला : भरलेला कागद कोणाकडे राहणार? कचेरीत. आपल्याकडे राहते ती नक्कल, तीही मागितली तर.

आपल्या कोकणात हा प्रश्न जास्त बोचतो. घर गावाला, भाऊ मुंबईत, बहीण पुण्यात. वारस नोंदीचा अर्ज करायचा तर अर्धी माहिती काकांना ठाऊक, अर्धी चाकरमान्यांना. अर्ज हिंडायला हवा. अर्धवट भरून जपून ठेवता आला, तरच तो हिंडेल.

आता संगणकाकडे येऊ. अडोबी कंपनीनं पीडीएफ १९९३ साली आणलं. भरता येतील अशा चौकटी त्यात १९९६ मध्ये आल्या. पण गंमत बघा. कंपनीच्या फुकट रीडरमध्ये फॉर्म भरता यायचा, छापता यायचा, भरलेला सेव्ह मात्र व्हायचा नाही. फॉर्म बनवणाऱ्यानं पैशाच्या सॉफ्टवेअरमधून तशी परवानगी घातली असेल तरच व्हायचा. सर्वांसाठी ही अडचण दूर झाली २०१२ मध्ये, रीडरच्या अकराव्या आवृत्तीत. म्हणजे सोळा वर्षं कुलूप लावणारा एक आणि अडणारा दुसराच. कचेरीतल्या कागदाचीच ही नवी आवृत्ती म्हणा ना.

दरम्यान दुसरी वाट तयार होत होती. सन कंपनीनं १९९९ मध्ये स्टारऑफिस विकत घेतलं आणि २००० साली त्याचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस, आणि २०१० मध्ये त्यातून फुटून लिब्रेऑफिस. २००८ मध्ये पीडीएफही आयएसओचं प्रमाण झालं. नियम सर्वांसमोर आले, कुणीही त्यावर साधन बांधावं. भारत सरकारनंही २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या प्रमाणांचं धोरण काढलं.

आता हे करायचं कसं? लिब्रेऑफिस रायटरमध्ये अर्ज नेहमीसारखा टाइप करा. फॉर्म मेनूतून जिथे नाव-गाव हवं तिथे टेक्स्ट बॉक्स, हो-नाहीसाठी चेक बॉक्स टाका. प्रत्येक चौकटीला वेगळं नाव द्या. मग पीडीएफ एक्स्पोर्ट करताना ‘पीडीएफ फॉर्म तयार करा’ या अर्थाच्या पर्यायावर खूण आहे ना, ते बघा. झालं. भरणाऱ्याला लिब्रेऑफिस लागत नाही. फायरफॉक्समध्ये २०२० पासून असे फॉर्म भरता येतात आणि भरलेली प्रत उतरवून ठेवता येते.

मराठीची एक गोम आहे. चौकटीतलं अक्षर शेवटी वाचणाऱ्याचं सॉफ्टवेअर काढतं. म्हणून कुठे जोडाक्षर तुटतं, कुठे वेलांटी भलत्या जागी जाते. जुने नॉन-युनिकोड फॉन्ट तर वापरूच नका. फॉर्म वाटण्याआधी ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘ऱ्ह’ असलेली दोन-चार नावं भरून, सेव्ह करून, दुसऱ्या मशीनवर आणि मोबाइलवर उघडून बघा. सही-शिक्का जिथे शाईचाच लागतो, तिथे तो लागणारच; हा फॉर्म ते काम करत नाही.

डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून पीडीएफमध्ये मिळतो. म्हणजे कचेरीकडून आपल्याकडे कागद यायला लागला. आपल्याकडून कचेरीकडे जाणारा अर्ज मात्र अजून बऱ्याच ठिकाणी छापून, पेनानं भरूनच जातो. ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, मच्छीमार संस्था, कुणीही हा रस्ता आजपासून बदलू शकतं, परवान्याचा एक रुपया न देता. भरलेल्या अर्जाची प्रत भरणाऱ्याच्या हातात राहावी, एवढीच मागणी आहे.