राख कपाळावर, भांडण मनात: उपवासकाळाची जुनी गोष्ट

राखेच्या बुधवारी चर्चमधून बाहेर पडताना एकच प्रश्न कानावर येतो, 'यंदा काय सोडलंस?' कुणी मटण-मासे सोडतं, कुणी चहा, कुणी मोबाइल. मीही दरवर्षी काहीतरी सोडतो. पण हे चाळीस दिवस मुळात कशासाठी होते, हे शोधायला गेलो आणि जरा अडचणीतच सापडलो. तेच आज सांगतो.

आधी हिशोब. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. मधले 6 रविवार पुनरुत्थानाचे, म्हणून ते उपवासात धरत नाहीत. उरले 40, येशूने अरण्यात काढले तेवढे.

आता चला इ.स. 325 मध्ये, नायसियाच्या धर्मपरिषदेत. या चाळीस दिवसांच्या अगदी जुन्या लेखी उल्लेखांपैकी एक तिथल्या पाचव्या नियमात आहे. मला वाटलं होतं, काय खावं, काय खाऊ नये याची यादी असेल. तसं काहीच नाही! नियम आहे मंडळीतून बाहेर काढलेल्या माणसांबद्दल. बिशपने कुणाला रागाच्या भरात, वैयक्तिक भांडणातून तर बाहेर काढलं नाही ना, हे तपासायला प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा जमावं. त्यातली एक बैठक चाळीस दिवसांच्या आधी. का? तर मनातला कोतेपणा दूर होऊन देवाला शुद्ध अर्पण देता यावं म्हणून. म्हणजे बघा, तंटा मिटवायचा आधी, उपवास नंतर.

त्या काळी गंभीर पाप केलेल्यांचं प्रायश्चित्त चारचौघांत होई. रोममध्ये अशा लोकांना पवित्र गुरुवारी पुन्हा मंडळीत घेत. पोप पहिले इनोसंट यांच्या 416 च्या पत्रात ही प्रथा नोंदलेली आहे. यातून सम्राटही सुटला नाही. 390 मध्ये थेस्सलनीकात जमावाने एका सेनाधिकाऱ्याला ठार मारलं, तेव्हा सम्राट थिओडोसियसच्या हुकमावरून तिथल्या लोकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला पत्र लिहून कळवलं, पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्यासमोर मी वेदीवर अर्पण करणार नाही. सम्राटाने राजचिन्हं उतरवली आणि चर्चमध्ये सगळ्यांदेखत आपल्या पापाबद्दल रडला. हे घडलं ते उपवासकाळात नव्हे, पण पश्चात्ताप म्हणजे काय हे त्यातून नीट कळतं. त्याने नुसतं जेवण सोडलं नाही, अहंकार सोडला.

राख आधी अशा पापी ठरलेल्यांच्याच डोक्यावर पडायची. 1091 मध्ये बेनेवेन्तोच्या परिषदेने ती सगळ्यांसाठी केली, धर्मगुरूंसाठीसुद्धा. मला हे फार मोलाचं वाटतं. आता दुसऱ्याकडे बोट दाखवायला कुणी उरलंच नाही.

पुढे नियम वाढले आणि अर्थ मागे पडला. 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये छापखानेवाल्या फ्रोशाउअरच्या घरी सॉसेज खाल्ले गेले आणि शहरभर गदारोळ उठला. झ्विंग्ली तिथे हजर होते. त्यांनी स्वतः खाल्लं नाही, पण पुढे प्रवचनातून खाणाऱ्यांची बाजू घेतली. अन्नाची सक्ती नको, हे त्यांचं म्हणणं. पण पश्चात्ताप नको, असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणून आज उपवास पाळणारी मंडळी असो की न पाळणारी, हा प्रश्न दोघींनाही लागू आहे.

आता माझी अडचण. बांधावरच्या एका भिंतीवरून दादाचं आणि माझं बोलणं चार वर्षं बंद आहे. या चारही वर्षी मी मटण न चुकता सोडलं. भांडण मात्र जपून ठेवलं.

तेव्हा यंदा ताटाकडे नंतर बघू. आधी रोज दहा मिनिटं शांत बसू आणि स्वतःला विचारू, मी कुणाला मनातून बाहेर काढलंय? नाव आठवलं, की पवित्र गुरुवारची वाट बघू नका. उठा, त्याच्याकडे जा.

हा भाग रेकॉर्ड करून झाला, की मी दादाला फोन लावणार आहे. उचलेल की नाही, देव जाणे. पण लावणार.

भेटू पुढच्या भागात.