परदेशातल्या मुलांसाठी ऑनलाइन अरबी ट्यूटर कसा निवडाल?

दुबई, शारजाह किंवा अबू धाबीत राहणारी ताई नाहीतर दादा कधीतरी फोन करतातच, "अरे, पोरीला अरबी शिकवायला एखादा चांगला ऑनलाइन क्लास शोध ना!" घरात मोबाईलमधलं कळणारे आपणच, म्हणून काम आपल्याकडे येतं.

माझ्याकडेही आलं. चौथीतल्या भाचीसाठी मी रेटिंग बघून क्लास निवडला आणि तीन महिन्यांची फी आगाऊ भरली. ती मजेत बोलायला लागली, पण शाळेच्या वाचनाच्या परीक्षेत अडकली. शिक्षिका चांगल्याच होत्या. चूक माझी होती. आपल्याला नक्की कोणती अरबी हवी आहे, हे मी विचारलंच नव्हतं.

आधी ठरवा: कोणती अरबी?

यूएईमधल्या खासगी शाळांत, म्हणजे भारतीय शाळांतसुद्धा, अरबी मातृभाषा नसलेल्या मुलांना पहिली ते नववी अरबी विषय सक्तीचा आहे. त्यांच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम असतो. ट्यूटर शोधताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा:

- फुस्हा: पुस्तकांची, बातम्यांची प्रमाण अरबी. शाळेत हीच शिकवतात.
- बोली: प्रत्येक देशाची वेगळी. कॉफीला फुस्हामध्ये 'क़हवा', अमिरातीत 'गहवा' आणि कैरोत 'अहवा' म्हणतात.
- कुराण पठण: यात भर शुद्ध उच्चारांवर असतो. शाळेतल्या धड्यांचे प्रश्न किंवा निबंध हा त्याचा भाग नसतो.

ऑनलाइन शिकवणारे बरेच ट्यूटर इजिप्तचे असतात. त्यात वाईट काही नाही, पण ते बोली शिकवणार की फुस्हा, हे आधी स्पष्ट विचारा. विचारताना शाळेच्या पुस्तकातल्या दोन पानांचे फोटो पाठवा. "यावरून शिकवाल का?" या एका प्रश्नाने निम्मं काम होतं.

क्लास कोणत्या अ‍ॅपवर?

यूएईमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात, कॉल चालत नाहीत. त्यामुळे "व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर शिकवतो" म्हणणारा ट्यूटर तिथे उपयोगाचा नाही. झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स किंवा गूगल मीट विचारा. व्हीपीएन लावून बंदी चुकवायच्या फंदात पडू नका, तिथला कायदा कडक आहे.

वेळही तपासा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. कैरो दुबईच्या हिवाळ्यात दोन तास, तर उन्हाळ्यात एक तास मागे असतं, कारण इजिप्तमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. क्लासची वेळ "दुबईच्या घड्याळाने" अशी लिहून घ्या.

ट्रायल क्लासमध्ये काय बघायचं?

1. अक्षरं: अरबीत 28 अक्षरं आहेत. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि शब्दातल्या जागेनुसार बहुतेकांचा आकार बदलतो. काही व्हाइटबोर्ड अ‍ॅपमध्ये ही अक्षरं तुटून सुटी दिसतात. तसं झालं तर मूल चुकीचं वाचायला शिकेल.
2. स्वरचिन्हं: मोठ्यांच्या मजकुरात ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. क-त-ब ही तीन अक्षरं 'कतबा' (त्याने लिहिलं) अशीही वाचता येतात आणि 'कुतुब' (पुस्तकं) अशीही. नवशिक्या मुलासाठी चिन्हं घातलेला मजकूर हवाच.
3. हात: दुसरा फोन पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून कॅमेरा वहीवर रोखा आणि तोच फोन मीटिंगला जोडा. मूल अक्षर कुठून सुरू करतं, हे ट्यूटरला दिसायला हवं.
4. बोलणं कोणाचं जास्त? 30 मिनिटांत मूल जेमतेम पाच मिनिटं बोललं असेल, तर ते भाषण झालं, शिकवणी नव्हे.

पैसे आणि सुरक्षितता

मोठं पॅकेज लगेच घेऊ नका. आधी चार क्लासचेच पैसे भरा. रद्द केलेल्या क्लासचं काय होतं आणि रिफंड कसा मिळतो, हे लेखी घ्या. अकाउंट पालकांच्या ईमेलवर ठेवा, मुलाचा नंबर ट्यूटरला देऊ नका. क्लास दार बंद खोलीत नको, हॉलमध्येच होऊ दे. रेकॉर्डिंग होणार असेल, तर ते कोणाकडे राहील हेही विचारा.

मराठीचा फायदा घ्या

तारीख, हिशेब, वकील, दुकान, कायदा हे आपले रोजचे शब्द मुळात अरबी आहेत. पहिल्याच दिवशी मुलाला हे सांगा, भाषेची भीती बरीच कमी होते. मात्र अर्थ तपासून घ्या, काही थोडे सरकलेले आहेत. अरबीत 'क़ाइदा' म्हणजे नियम किंवा पाया.

महिन्याने तपासा

चार आठवड्यांनी मुलाला शाळेच्या पुस्तकातलं न शिकवलेलं पान वाचायला द्या. अडखळत का होईना, वाचता आलं तर क्लास चालू ठेवा. नुसत्या पाठ केलेल्या ओळीच येत असतील तर ट्यूटर बदला, रेटिंग कितीही असो.

आम्ही ट्यूटर बदलला. परवा भाचीची व्हॉइस नोट आली. दुधाच्या खोक्यावरचा शब्द तिने एकेक अक्षर जोडत वाचला होता, "ह... ली... ब. मामा, हलीब म्हणजे दूध!" हे तिला कोणी पाठ करून दिलं नव्हतं.