वेतनकपातीचा इतिहास : कापडगिरणी ते वेतन संहिता

मुंबईच्या कापडगिरण्यांत खराब विणलेले कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती केली जात असे. दंडालाही कायद्याने निश्चित मर्यादा नव्हती. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली आणि पुढे वेतन प्रदान अधिनियम, १९३६ अस्तित्वात आला. अनुज्ञेय कपातींची यादी कायद्यातच नमूद झाली. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापुरता सीमित झाला व ती रक्कम कामगारहितासाठीच खर्च करणे बंधनकारक ठरले. अर्ध्या आण्याची ती मर्यादा वेतन संहिता, २०१९ मध्ये ३ टक्क्यांच्या रूपाने टिकून आहे. संगणकीय वेतनपत्रकात कपातीचा रकाना क्षणार्धात निर्माण करता येतो. परंतु त्यास कायद्याचा आधार असावाच लागतो, हे या इतिहासाचे सार होय.