२७४ सामने, २५१ गोल

नॉटिंगहमहून डर्बीला गाडीने जाणाऱ्यांच्या नजरेखालून ए-५२ रस्त्यावरचं ‘ब्रायन क्लफ वे’ हे नाव शंभरदा गेलं असेल. डर्बीला लीग जिंकून देणारा आणि फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असे सलग दोन युरोपियन कप मिळवून देणारा हा मॅनेजर. टीव्हीवर भल्याभल्यांना सुनावणारा. तो तुम्हाला ठाऊकच आहे. आज बोलायचंय त्याच्या आधीच्या क्लफबद्दल, जो सत्ताविसाव्या वर्षी संपला.

जन्म १९३५चा, मिडल्सब्रोचा. घर पोरांनी भरलेलं, वडील मिठाईच्या कारखान्यात कामाला. अकराव्या वर्षीच्या परीक्षेत नापास झाला, पुढे आयसीआयमध्ये किरकोळ नोकरी केली, मग हवाई दलातली सक्तीची सेवा. १९५५ साली गावच्याच क्लबाकडून पहिला सामना खेळला आणि एकदा जम बसल्यावर थांबलाच नाही. सलग चार हंगाम दरवर्षी चाळीस किंवा त्याहून जास्त गोल! क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना सरासरीची भाषा लगेच कळते, म्हणून सांगते: मिडल्सब्रोसाठी लीगचे २१३ सामने, १९७ गोल.

पण क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधून वर सरकेना. कारण मागची फळी म्हणजे चाळण. ऑक्टोबर १९६० मध्ये चार्लटनशी सामना ६-६ असा सुटला. क्लफने तीन गोल केले, तरी जिंकले नाहीतच! आपल्यातलेच काही जण पैजा लावून मुद्दाम गोल खातात, असा आरोप तो उघड करायचा. कर्णधार झाल्यावर तर सहकाऱ्यांनी सह्या करून त्याच्याविरुद्ध अर्ज दिला. खरं सांगायचं तर त्याच्या शेजारी बसून डबा खाणं सोपं नसणार. ड्रेसिंग रूममध्ये जवळचा म्हणावा असा एकच, गोलकीपर पीटर टेलर. पुढे याच जोडीने डर्बी आणि नॉटिंगहम गाजवलं.

इंग्लंडकडून तो फक्त दोनदा खेळला, दोन्ही वेळा ऑक्टोबर १९५९ मध्ये. वेल्सशी बरोबरी, स्वीडनशी हार, क्लफचा गोल शून्य. दुसऱ्या डिव्हिजनमधले गोल स्वस्त, असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. दोन सामन्यांवरून कुणाला जोखायचं?

१९६१ च्या उन्हाळ्यात ५५,००० पौंड मोजून संडरलंडने त्याला घेतलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत खेळाडूचा पगार आठवड्याला २० पौंडांच्या वर जाऊ देत नव्हते, हे लक्षात घ्या. म्हणजे ५५,००० हा आकडा किती मोठा होता ते कळेल.

आणि मग २६ डिसेंबर १९६२. बॉक्सिंग डे, रोकर पार्क, समोर बरी. इंग्लंडभर गाजलेला तो गारठ्याचा हिवाळा नुकताच सुरू झाला होता आणि मैदान दगडासारखं कडक. या हंगामात क्लफचे तोवर लीगमध्ये २४ सामन्यांत २४ गोल झाले होते. एक लांब पास आला. नजर चेंडूवर ठेवून तो धावला. बरीचा गोलकीपर ख्रिस हार्कर पुढे आला आणि त्याचा खांदा क्लफच्या उजव्या गुडघ्यावर आदळला. दोष कुणाचाच नव्हता. क्लफने उठायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यातले स्नायुबंध फाटले होते. बदली खेळाडू घेण्याची सोय लीगमध्ये यायला अजून तीन हंगाम होते, त्यामुळे संडरलंड उरलेला सामना दहा जणांत खेळलं.

आज या दुखापतीवर ऑपरेशन होतं आणि खेळाडू वर्षभरात मैदानावर दिसतो. तेव्हा प्लास्टर आणि देवाचं नाव. त्या हंगामात संडरलंड आणि चेल्सीचे गुण सारखे झाले, पण गोलांच्या सरासरीवर चेल्सी वर गेलं. क्लफ उभा असता तर? संडरलंडची म्हातारी मंडळी अजून तो हिशोब मांडतात.

१९६४ मध्ये, संडरलंड पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचल्यावर, तो परतला. तीन सामने. लीड्सविरुद्ध एक गोल, वरच्या डिव्हिजनमधला त्याचा एकमेव. गुडघा साथ देईना. एकोणतिसाव्या वर्षी बूट खुंटीला. लीगचे एकूण २७४ सामने आणि २५१ गोल. क्लबने त्याला पोरांच्या संघाला शिकवायला लावलं, आणि पुढच्याच वर्षी हार्टलपूल्सने तिशीच्या या माणसाला मॅनेजर केलं.

नॉटिंगहमच्या चौकाजवळचा त्याचा पुतळा पाहिला असेलच. कधी मिडल्सब्रोला गेलात तर अल्बर्ट पार्कमध्येही जाऊन या. तिथे मॅनेजर नाही. तिथे खांद्यावर बूट टाकून सामन्याला निघालेला तरुण पोरगा आहे.