तो खरा कोण होता? : पानिपत ते शेगाव

२३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरची पंगत उठली होती. बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाणारा एक तरुण बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांच्या नजरेस पडला. गजानन महाराजांच्या चरित्राची सुरुवात अशी होते. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण या तारखेच्या मागे काही नाही. गाव नाही, आईबाप नाहीत. 'गजानन' हे नावही लोकांनीच दिलेले. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, महाराजांनी समाधी घेतली. बत्तीस वर्षे चारचौघांत वावरलेल्या या पुरुषाचे पहिले पान कोरे राहिले.

कोऱ्या पानावर लोक लिहितातच. महाराज सज्जनगडाहून आलेले रामदासी होते, तेलंगणातले वेदपाठी ब्राह्मण होते, सत्तावन्नच्या बंडातून निसटलेले कुणी मोठे सरदार होते, असे तिन्ही तर्क मी लहानपणापासून पारावर, एसटीत आणि वारीत ऐकत आलो. भक्तांच्या श्रद्धेशी या लेखाला कर्तव्य नाही. मला पाहायचे आहे ते एवढेच, की 'हा खरा कोण' हा तर्क जन्माला कसा येतो आणि त्याला पुरावा म्हणून काय चालते.

हा खेळ आजही जोरात आहे. 'सेक्रेड गेम्स' या वेबमालिकेचा पहिला भाग जुलै २०१८ मध्ये आला. त्यात गणेश गायतोंडे मरण्यापूर्वी सांगतो की सगळे मरणार, फक्त त्रिवेदी वाचणार. झाले! "मामा, हा त्रिवेदी कोन असन?" असे माझा भाचा मला जेवताना विचारू लागला. गायतोंडेचे तीन बाप, त्यातला तिसरा कोण, यावर त्याच्या मित्रमंडळात पैजा लागल्या. दुसरा भाग १५ ऑगस्ट २०१९ रोजी आला. मधल्या तेरा महिन्यांत या पोरांनी मालिकेतल्या जवळपास प्रत्येक पात्राला त्रिवेदी करून पाहिले. गंमत अशी, की विक्रम चंद्रा यांची मूळ कादंबरी २००६ पासून बाजारात होती. ती उघडून पाहावी असे एकालाही वाटले नाही. उत्तर मिळाले की खेळ संपतो, हे त्यांना बरोबर कळत होते.

मराठी मुलखाने हा खेळ एकदा फार मोठ्या डावावर खेळलेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊ गर्दीत दिसेनासे झाले. भाऊंचे प्रेत सापडले आणि त्यावर अग्निसंस्कार झाले, असे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. पण ते प्रेत शिर नसलेले होते, आणि पुण्यातल्या कुणाच्या डोळ्यांदेखत हे घडले नव्हते. पार्वतीबाईंनी पतीचे निधन मानले नाही, कुंकू पुसले नाही. वाड्यातली बाई मानत नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी का मानावे?

अशात उत्तरेकडे एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. त्याला पकडून पुण्यात आणले, चौकशी झाली, किल्ल्यांवरच्या तुरुंगांत ठेवले. प्रकरण तिथेच संपायचे. पण १७७६ मध्ये रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडले, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. हे लोक खुळे होते असे मला वाटत नाही. नारायणरावाचा खून होऊन तीन वर्षे झाली होती, गादीवर तान्हे मूल होते, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. अशा वेळी भाऊ परत यावेत ही गरज होती, आणि गरजेने चेहरा ओळखला. महादजी शिंद्यांनी बंड मोडले, तोतया पळाला, आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केले. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' नाटकामुळे हा माणूस मराठी वाचकाच्या ओळखीचा राहिला.

चौकशीत निघाले ते असे : हा बुंदेलखंडाकडचा कनोजी ब्राह्मण, नाव सुखलाल. या निवाड्यामागे एक असा माणूस होता ज्याने खऱ्या भाऊंना जवळून पाहिले होते. नाना फडणवीस स्वतः पानिपतावर होते, तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकोणीस. तिथून जीव घेऊन परतल्याची हकिकत त्यांनी आत्मचरित्रात लिहिली आहे. तर्काची आणि साक्षीची गाठ पडली तेव्हा साक्ष जिंकली. सर्वांना ती पटली असे मात्र नाही.

सत्तावन्नने पुन्हा तेच केले. नानासाहेब पेशव्यांवर सरकारने लाख रुपयांचे बक्षीस लावले; नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले आणि पुढे तिथे तापाने वारल्याची बातमी आली. प्रेत कुणा इंग्रजाने पाहिले नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे देशभर 'नानासाहेब' पकडले जात राहिले. १८७४ मध्ये तर जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरीत एकाला धरून इंग्रजांकडे दिले. ओळख पटवण्याचे प्रयत्न झाले आणि तो नानासाहेब नव्हे असे ठरले. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी झाली, तरी फाशी गेला तो दुसराच, हा समज आजतागायत आहे. आमच्यासाठी महत्त्वाचे हे, की १८५८ च्या अखेरीस तात्या नर्मदा ओलांडून मुलताईपर्यंत आले होते. मेळघाटातून वऱ्हाडात उतरण्याची त्यांची वाट अडवली गेली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ही धास्ती आणि ही आशा दोन्ही पोहोचल्या असणार. बंडवाला डोंगर उतरून वेषांतराने इथे राहिला, ही गोष्ट रुजायला एवढी जमीन पुरेशी आहे.

दोन वर्षांपूर्वी एका तरुणाने टंकलेली चाळीस पाने माझ्यापुढे ठेवली आणि प्रस्तावना मागितली. गजानन महाराज हे सत्तावन्नचे सेनानी होते, हा त्याचा सिद्धांत. त्याचे पुरावे ग्रंथातलेच होते. गोविंदबुवा टाकळीकरांचा द्वाड घोडा महाराजांपुढे शांत झाला, म्हणजे ते घोडदळातले. तेलंगी ब्राह्मणांपुढे वेदमंत्र अचूक म्हटले, म्हणजे पेशव्यांच्या परिवारातले. १९०८ मध्ये अकोल्याच्या शिवजयंतीला लोकमान्यांच्या सभेत जाऊन बसले, म्हणजे जुने बंडवाले. पोराची मेहनत खरी होती, आणि ग्रंथ त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

पण ही पद्धत माझ्या भाच्याचीच आहे. निष्कर्ष आधी, खुणा मागून. एका पात्राने डाव्या हाताने चहा घेतला, म्हणजे तोच त्रिवेदी! मी त्याला एकच हिशेब करायला सांगितला. नानासाहेब १८२४ चे. १८७८ मध्ये ते चोपन्न वर्षांचे असते. तात्या त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. पातुरकरांच्या दारातला पुरुष परंपरा तरुण सांगते. तो पंचविशी-तिशीत असेल तर सत्तावन्न साली पाच-दहा वर्षांचे पोर होता. त्यावर तो म्हणाला, "योगी माणसाचं वय कोन मोजते, सर?" इथे माझ्याजवळचे हत्यार संपले. कोणत्याही पुराव्याने जो मोडणार नाही तो तर्क इतिहासात बसत नाही, एवढे सांगून मी पाने परत केली. प्रस्तावना दिली नाही. त्याला ते लागले, हे मला दिसले.

त्या पानांत मला खटकली ती दुसरीच गोष्ट. असे सगळे तर्क वरच्याच दिशेने जातात. दडलेला माणूस नेहमी राजा, सेनापती, निदान विद्वान ब्राह्मण निघतो. तो कुणबी, वणकर, धनगर होता असा सिद्धांत घेऊन माझ्याकडे अजून कुणी आलेले नाही. दप्तरातला प्रवास बहुधा उलटा असतो. भाऊ म्हणून आलेला सुखलाल निघतो, नानासाहेब म्हणून धरलेला कुणी साधा फिरस्ता निघतो.

१८७८ चे शेगाव डोळ्यांसमोर आणा. भुसावळ-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झाली होती आणि शेगाव त्या मार्गावरचे स्थानक होते. जलंबहून खामगावला कापसासाठी फाटा निघाला तो १८७० मध्ये. हंगामात सरकीच्या गाड्या, दलाल, हमाल, मारवाडी पेढ्या. दख्खनेत १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ. माणसे पोटासाठी गाव सोडून चालत सुटलेली. अनोळखी माणूस या गावात त्या दिवसांत रोज येत असणार. महाराज त्यांच्यातले होते असे मी म्हणत नाही, तसे म्हणायलाही आधार नाही. पण हा तर्क कुणाला सुचतही नाही, याची नोंद मला करावीशी वाटते. वास्तविक पहिला प्रसंगच उष्ट्या पत्रावळीचा आहे.

आणि हा खेळ निरुपद्रवी असतो असेही नाही. साईबाबा मूळचे पाथरीचे, हा दावा जुनाच. विश्वास खेर यांनी गेल्या शतकात पाथरीला जाऊन भुसारी घराण्याचा माग काढला होता. जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा करताना ते जन्मस्थान म्हटले आणि शिर्डीने गाव बंद ठेवले. परभणीची माणसे एकीकडे, नगरची दुसरीकडे. एका कोऱ्या पानासाठी दुकानांची शटरे खाली आली.

शिर्डी आणि शेगाव, दोन्ही चरित्रांत एक समान माणूस आहे. दासगणू, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. साईबाबांवर त्यांनी लिहिले, आणि १९३९ मध्ये 'श्री गजानन विजय' रचला. समाधीला तेव्हा एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. कीर्तनकार होण्यापूर्वी ते पोलिसात होते. कान्या भिल्लाला पकडण्यासाठी ते स्वतः रामदाशाच्या वेषात राहिले होते, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रात सांगतात. नाव काय, बापाचे नाव काय, राहणार कुठला, हे रकाने त्यांना तोंडपाठ असणार. त्यांच्या वेळी महाराजांना पाहिलेली माणसे हयात होती आणि तर्कांचाही तोटा नसावा. एकवीस अध्याय लिहिताना त्यांनी ते तिन्ही रकाने रिकामे ठेवले आणि पातुरकरांच्या दारातल्या पत्रावळीपासून गोष्ट सांगायला घेतली.