विटेची साक्ष



वीट म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम पंढरपूर उभे राहते. ती एक वीट आपण पूज्य मानली. बाकीच्या विटांच्या वाट्याला मात्र आपली आस्था फारशी आलेली नाही. जुना वाडा पडला की त्याच्या तुळयांना आणि खांबांना गिऱ्हाईक मिळते, विटा रोड्यांच्या ढिगात जातात. आज मी या उपेक्षित वस्तूची बाजू मांडणार आहे. त्यासाठी आपल्याला प्रथम इराकात, टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठी यावे लागेल. कारण विटेला बोलके करण्याचा फार मोठा प्रयोग तिथल्या विटांवर झाला आहे.

दक्षिण इराकच्या त्या गाळवट प्रदेशात दगड दुर्मिळ. म्हणून घरे, देवळे, तट, सारे काही मातीचेच. तिथल्या राजांची आणखी एक रीत अशी की, ओल्या विटेवर ते आपल्या नावाचा ठसा उमटवीत. बाबिलोनचा दुसरा नेबुखद्नेझर (इ.स.पू. ६०४ ते ५६२) याच्या नावाच्या विटा तर इतक्या विपुल होत्या की, पुढे शतकानुशतके आसपासच्या लोकांनी त्या उपसून आपली घरे बांधली. १८९९ ते १९१७ या काळात रॉबर्ट कोल्डेवाय या जर्मन संशोधकाने बाबिलोनचे उत्खनन केले, तेव्हा या ठशांनी त्याला मोठेच साहाय्य केले.

परंतु ठसा नाव सांगतो, सन सांगत नाही. राजांचा क्रम ठाऊक असतो. तो क्रम इसवी सनाच्या मापात बसवायचा म्हटले की वाद सुरू होतो. कायद्यांसाठी प्रसिद्ध असलेला हम्मुराबी गादीवर आला तो इ.स.पू. १८४८ मध्ये, १७९२ मध्ये, की १७२८ मध्ये? शुक्राच्या उदयास्तांच्या जुन्या नोंदींतून ही तिन्ही उत्तरे निघू शकतात. एकशेवीस वर्षांचे हे अंतर म्हणजे चार-पाच पिढ्यांचा घोळ होय!

इथे विटेची दुसरी साक्ष उपयोगी पडते. ही साक्ष राजाने लिहवून घेतलेली नाही. ती मातीच्या कणांत आहे. आपला गवंडी वीट ठोकून पाहतो आणि खणखणीत वाजली तर ती नीट भाजली असे म्हणतो. शास्त्रज्ञ तेच काम क्ष-किरणांनी करतो. माती तापली की तिच्यातील खनिजे बदलतात. चिकणमातीच्या खनिजांची घडण मोडते. चुनखडी साधारण सातशे-आठशे अंशांच्या पुढे विघटते, आणि तिच्यातला चुना मातीतील सिलिका व ॲल्युमिना यांच्याशी मिळून नवी खनिजे घडवतो. जुनी कोणती उरली आणि नवी कोणती जन्मली, हे पाहून भट्टीचा ताप अजमावता येतो. चुनखडीयुक्त मातीची वीट चांगली भाजली की पिवळसर फिकट दिसते, तर चुना कमी असलेल्या मातीत लोहाचा लाल रंग खुलतो. म्हणजे विटेच्या रंगातही तिच्या नदीची आणि भट्टीची ओळख असते.

या लोहाच्या कणांतच खरी नवलाची गोष्ट दडली आहे. वीट भट्टीत सहा-सातशे अंशांपर्यंत तापली की या कणांचे मूळचे चुंबकत्व पुसले जाते. ती निवू लागली की कण नव्याने चुंबकित होतात, आणि त्या घटकेला पृथ्वीचे चुंबकीय बळ जितके असेल त्या प्रमाणात होतात. पुढे वीट भट्टीतून काढली, भिंतीत बसवली, भिंत पडली, तरी ती नोंद आत राहते. पृथ्वीचे हे बळ काळानुसार कमी-अधिक होत असल्यामुळे ती नोंद कालमापनाला उपयोगी पडते. ती वाचण्याची पद्धत फ्रान्समधील एमिल व ओडेट टेलिए या दांपत्याने बसवली.

२०२३ मध्ये मॅथ्यू हाउलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुलेमानिया येथील संग्रहालयातल्या ३२ विटांचे अगदी बारीक तुकडे घेऊन त्या तपासल्या. त्यांवर बारा राजांची नावे होती. इ.स.पू. सुमारे १०५० ते ५५० या काळात त्या प्रदेशात पृथ्वीचे चुंबकत्व असाधारण प्रबळ होते, या मताला त्यांतून पुष्टी मिळाली. आणि नेबुखद्नेझरच्या विटांत तर ते थोड्याच वर्षांत झपाट्याने बदलल्याचे दिसले. यामुळे कालगणनेचा वाद मिटला, असे कोणी समजू नये. परंतु नाव असलेल्या विटांवरून चुंबकत्वाच्या चढउताराचा आलेख बनतो. आणि तो आलेख पुरता झाला की, नाव नसलेल्या विटेलाही तिचे वय विचारता येते.

हे निनावी विटेचे वय आपल्या जिव्हाळ्याचे आहे. सिंधू संस्कृतीच्या विटा जाडी, रुंदी आणि लांबी यांच्या एकास दोनास चार या प्रमाणात नेटक्या पाडलेल्या आढळतात; पण त्यांवर कोणा राजाचे नाव नाही. त्यांना बोलायचे असेल तर आतल्या खनिजांतूनच बोलायला हवे. आणि त्यांचे आपण काय केले? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लाहोर-मुलतान लोहमार्ग घालताना हडप्प्याच्या विटा उपसून रुळांखाली घातल्या गेल्या. सुमारे शंभर मैलांच्या मार्गाला त्या पुरल्या, असे कनिंगहॅम यांनी नोंदवले आहे. १९२१ मध्ये दयाराम साहनींनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू केले, तोवर साक्षीदारांची केवढी रांग नाहीशी झाली होती!

यातली खरी हानी ध्यानात घ्यावी. वीट फुटली म्हणून साक्ष जात नाही. नखाएवढा तुकडाही पुरतो. साक्ष जाते ती वीट आपल्या जागेवरून उचलली गेली आणि ती कुठली हे सांगणारे कोणी उरले नाही म्हणजे. ती कोणत्या भिंतीतली, कोणत्या थरातली, हे कळले नाही, तर प्रयोगशाळेने काढलेला आकडा लावायचा कशाला?

म्हणून श्रोतेहो, माझे मागणे फार लहान आहे. आपल्या गावच्या गढीची, विहिरीची किंवा पडक्या देवळाची जुनी वीट दिसली तर ती जागची हलवू नये. बांधकाम पाडणे अटळच असेल, तर निदान त्याआधी तिची जागा, मापे आणि थर एका वहीत उतरून ठेवावे. राजांनी आपली नावे विटांवर कोरून घेतली. आपण विटेचा ठावठिकाणा लिहून ठेवला, तरी पुढच्या पिढ्यांचे मोठे काम होईल.