पानामागचे पान

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा संसार मांडला, तेव्हा त्यांना लेखकांइतकीच वर्गणीदारांचीही चिंता वाहावी लागली. तरीही १९२० पासून पुढच्या आठएक वर्षांत २३ खंड बाहेर पडले. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखी माणसे त्याच कामावर घडली आणि पुढे त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला. त्यानंतर वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. या कोशांना दार होते आणि दारात संपादक उभा होता.

ज्या कोशाला दारच नाही, असा कोश आपल्या डोळ्यांदेखत जन्मला. गंमत अशी की, त्याची सुरुवातही दारापासूनच झाली. अमेरिकेत २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी ‘न्यूपीडिया’ काढला. लेख विद्वानांनी लिहायचा आणि तो तपासणीच्या सात पायऱ्या चढून गेला म्हणजे प्रसिद्ध व्हायचा. पहिल्या वर्षात जेमतेम वीसएक लेख पायऱ्या चढले! वॉर्ड कनिंगहॅम या गृहस्थाने १९९५ मध्ये कोणालाही दुरुस्त करता येतील अशी पाने संगणकावर तयार केली होती आणि त्यांना हवाई बेटांच्या भाषेतला ‘विकी’, म्हणजे ‘झटपट’, हा शब्द दिला होता. ती युक्ती उचलून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. मराठीत तो आला २००३ च्या महाराष्ट्र दिनी.

मराठी मंडळींनी तिथली नावे मात्र झकास ठेवली आहेत. सर्वांनी जमून बोलायची जागा ती ‘चावडी’. नवख्याने हात बसवायची जागा ती ‘धूळपाटी’. पाटीवर धूळ पसरून आपले पूर्वज अक्षरे गिरवीत, तो शब्द संगणकात पुन्हा जिवंत झालेला पाहून मला फार बरे वाटले. त्या धूळपाटीवर मी आणि आमच्या वहिनी दोघांनी मिळून श्रीगणेशा केला. वहिनींनी गावच्या शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. साहजिकच विषय ठरला तो आमचे गाव. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. वाद अजून मिटलेला नाही.

वाद बारवेचा. बारव अहिल्याबाई होळकरांनी बांधली, असे गावात पोरसुद्धा सांगते आणि वहिनींनी लेखात तसे लिहिले. पण बारवेच्या कमानीवर जो शिलालेख आहे, त्यात मला शके १६१२ असे स्वच्छ दिसते. म्हणजे इसवी सन १६९० च्या सुमाराचा काळ. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा.

मी हे म्हणताच वहिनी म्हणाल्या, “भावजी, बांधली कोणी आणि दुरुस्त केली कोणी, हे दोन प्रश्न आहेत. गाव दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला देत असेल.” इतिहासाच्या कैक पुस्तकांत नसलेला विवेक या एका वाक्यात आहे, असे माझे मत आहे.

आम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्या. तासाभरात कोणा अनोळखी संपादकाने अहिल्याबाईंच्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावली आणि माझे वाक्य तर काढूनच टाकले. लेखामागे जे चर्चेचे पान असते, तिथे त्याने कारणही दिले होते : स्वतः वाचलेला शिलालेख हे मूळ संशोधन झाले, तज्ज्ञाने वाचून छापलेले असेल तर आणा. डोळ्यांनी पाहिलेला दगड खोटा आणि छापील कागद खरा, हा न्याय प्रथम मला विचित्र वाटला. पण कोशात लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते. माझा ‘६’ दुसऱ्या कोणाला ‘९’ दिसला, तर निवाडा कोणी करायचा? केतकरांच्या दारी संपादकाचा शब्द होता. इथे तो नाही, म्हणून छापील पुराव्याला त्याच्या जागी बसवले आहे. हा नियम जाचक खरा. ज्या गावांबद्दल कोणी काही छापलेच नाही, त्यांनी काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. पण तो नसता, तर महाराष्ट्रातल्या अर्ध्या बारवा अहिल्याबाईंच्या नावावर गेल्या असत्या!

त्या लेखाचा ‘इतिहास’ उघडला की, कोणी कधी काय घातले आणि काय काढले, सारे तारीखवार दिसते. माझे खोडलेले वाक्यही तिथे आहे.

वहिनी स्वस्थ बसल्या नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात, अक्षरांची सावली पडते त्या वेळी, त्यांनी शिलालेखाचे छायाचित्र काढले आणि लेखात लावले. त्याला कोणाची हरकत आली नाही. खाली एवढेच लिहिले आहे : ‘बारवेच्या कमानीवरील शिलालेख’. सध्या त्या जुने लेख वाचणाऱ्या एका अभ्यासकाच्या मागे लागल्या आहेत. त्यांनी दिवाळीनंतर येण्याचे कबूल केले आहे. वहिनींनी बारवेतले गवत काढून ठेवले आहे.